वरचा एक किलो

"मान वर. समोरच्या खिळ्याकडं बघ," मी म्हणाले.

हर्षला शिंगटे काट्यावर उभी राहिली. चपला काढलेल्या, ओढणी काढलेली, हातातली एकुलती एक काचेची बांगडीसुद्धा उतरवून शबानाकडे दिलेली. मी तिच्या पायांशी उकिडवी बसले होते. मैदानातल्या मातीने तिच्या टाचा भेगाळल्या होत्या. काचेखालचा लाल काटा थरथरायचा थांबेपर्यंत मी वाट पाहिली.

"किती?"

"सत्तावन्न."

"न्हाई गं. परत बघ."

"उतर आणि परत चढ."

ती उतरली, छातीतला सगळा श्वास बाहेर सोडला आणि तशीच, गाल आत ओढून, परत चढली.

"सत्तावन्नच."

"दम सोडून वजन उतरतंय व्हय?" शबाना मुलाणी दारातून म्हणाली. "तसं असतं तर आमची आजी दिवसभर सुस्कारे टाकत असती, ती कवाच उडून गेली असती."

सगळ्या हसल्या. हर्षीही हसली, पण उतरताना तिने काट्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या चावऱ्या कुत्र्याकडे बघतात.

आम्ही नववीत होतो. शाळेच्या खेळाच्या खोलीत तो पायाखालचा गोल काट्याचा वजनकाटा होता, आणि वजनं घ्यायचं काम माझ्याकडे होतं. कबड्डीच्या किशोरी गटाला वजनाची अट असते. पंचावन्न किलो. शंभर ग्रॅम वर गेलात तरी मैदानाबाहेर, मग तुम्ही कितीही चांगल्या खेळा. हर्षी आमची चढाई करणारी होती. ती समोरच्या मैदानात शिरली की सात मुली मागे सरकायच्या, आणि ती परत यायची तेव्हा दोघी-तिघी तिला लोंबकळत मध्यरेषेपर्यंत फरफटत यायच्या. मी राखीव होते. खोतसर म्हणायचे, वृषालीचं अक्षर चांगलं आहे आणि खेळ बेताचा, म्हणून वजनं वृषालीने लिहायची. काट्यावर उभ्या असलेल्या मुलीने खाली बघायचं नाही, वाकलं की काटा हलतो, हा नियमही सरांचाच. आकडा फक्त मला दिसायचा. मी तो मोठ्याने सांगायची आणि खडूने फळ्यावर लिहायची.

सर आत आले. फळ्याकडे बघून थांबले.

"शनिवारी तालुक्याला वजनं हायेत. आज सोमवार," ते हर्षीला म्हणाले. "दोन किलो. जमतंय?"

"जमवते सर."

"जिल्ह्याचा संघ तिथंच निवडणारेत. बघ बाई. न्हाई जमलं तर वृषाली उतरंल."

खडू संपला तर कोळशाने लिहू, अशा आवाजात ते म्हणाले आणि निघून गेले. दोन वर्षांत माझं नाव पहिल्यांदा मैदानाच्या संदर्भात निघालं होतं. माझं वजन सत्तेचाळीस. माझ्या आकड्याकडे कोणी बघतही नव्हतं.

शाळा सुटल्यावर आम्ही दोघी नेहमीसारख्या कालव्याच्या कडेने निघालो. हर्षी म्हणाली, "जिल्ह्यात घेतलं की सर प्रबोधिनीला पाठवणार हायेत. तिथं राहायचं, खेळायचं, शाळा तिथंच."

"माहीत आहे."

"दादा म्हणालेत, दहावी झाली की बघू."

दादा म्हणजे तिचे वडील. आणि दहावीनंतर काय बघायचं असतं हे आमच्या गावातल्या कुठल्याही मुलीला समजावून सांगावं लागत नसे. तिच्या थोरल्या बहिणीला ते बघून झालं होतं. ती आता दोन पोरांची आई होती, वय एकोणीस.

"वृषे, तुझ्या त्या पुस्तकात काय लिवलंय? काय सोडलं की लवकर उतरतं?"

ते पुस्तक माझ्या ताईचं होतं, अकरावीचं गृहशास्त्र. त्यात शेवटी एक कोष्टक होतं, शंभर ग्रॅम ज्वारीत किती ऊर्जा, शंभर ग्रॅम शेंगदाण्यात किती, गुळात किती. मी ते विज्ञानाच्या वहीच्या मागच्या पानांवर उतरवून घेतलं होतं आणि पाठ केलं होतं. संघातल्या मुलींचं या विषयातलं ज्ञान म्हणजे, भाताने पोट सुटतं, बटाट्याने माणूस फुगतो आणि गरम पाण्यात लिंबू पिळून प्यालं की चरबी वितळून निघून जाते. मी सांगायची, चरबी म्हणजे मेणबत्ती नव्हे वितळायला. त्या मला मास्तरीण म्हणायच्या. चिडवायला म्हणायच्या, पण विचारायला माझ्याकडेच यायच्या. मला ते आवडायचं.

हर्षीने चालता चालता डबा उघडला. दुपारी अर्धाच खाल्लेला. एक भाकरी, तेल सोडलेली शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा.

"ह्यात किती?"

मी सांगितलं. तोंडी हिशेब करून, एकेका पदार्थाचं. शेंगदाण्याचा आकडा ऐकून ती थांबली.

"एवढं?"

"कोष्टकात सगळ्यात जास्त तेल-तुपाचं. मग शेंगदाणा."

"आई म्हणते खेळणाऱ्याला शेंगदाणा पायजे."

"आई बरोबरच म्हणते. पण शनिवारपर्यंत नको."

तिने डब्यात पाहिलं. रोजचंच जेवण, पण तिथे कोणीतरी येऊन बसल्यासारखं ती बघत होती. मग चटणी तिने कालव्यात टाकली. पाण्यावर तेलाचा तवंग पसरला आणि खालून लहान लहान मासे वर आले.

"आता ही मासं पंचावन्नच्या वर जाणार," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो.

त्याच पुस्तकात अलीकडच्या पानावर दुसरं एक कोष्टक होतं. वाढत्या वयाच्या, मेहनतीचे खेळ खेळणाऱ्या मुलीला दिवसाला किती लागतं. लोह किती, कॅल्शियम किती, दूध किती. तेही मला पाठ होतं. तिने विचारलं नव्हतं. मी सांगितलं नाही.

मंगळवारी ती सरावाला स्वेटर घालून आली. एप्रिलचे दिवस. सरांनी पाहिलं आणि म्हणाले, "ही बघा जिद्द." दुपारी तिने माझ्यासमोर अर्धी भाकरी खाल्ली, चावून चावून, आणि उरलेली कागदात गुंडाळून म्हशीसाठी ठेवली.

बुधवारी परत वजनं होती. त्या दिवशी फळ्यावर चमत्कार झाला. शबाना त्रेपन्नवरून बावन्नवर आली. सविता एक किलोने उतरली, थोरली माने उतरली, धाकटी माने उतरली. जिचं वजन घ्यावं ती खाली. मुली एकमेकींच्या पाठीवर थापा मारत होत्या.

"मी तर काल वडापाव खाल्ला," शबाना म्हणाली. "वडापावनं उतरतं म्हणून लिव ग मास्तरणी तुझ्या कोष्टकात."

हर्षी शेवटी आली. दोन दिवसांत तिचे डोळे मोठे झाल्यासारखे वाटत होते. ती काट्यावर चढली, मान वर केली. मी खाली बसले. काटा थरथरला आणि थांबला. मी जरा जास्तच वेळ बघत राहिले असेन.

"सांग की गं."

"छप्पन्न."

शबानाने बांगडी पुढे केली, ती हर्षीने घेतली नाही.

"एकच?" ती म्हणाली. "ह्या सगळ्या खाऊन-पिऊन एक उतरल्या. मी परवापासनं काय खाल्लं न्हाई."

"प्रत्येकीच्या शरीराची ठेवण वेगळी असते," मी म्हणाले. हे वाक्य पुस्तकातलं होतं.

"वृषे, नीट बघितलंस न्हवं?"

"नीट बघितलं."

तिने मान खाली घालायला सुरुवात केली, स्वतः बघायला. मी म्हणाले, "वाकलीस की हलतो." तिने मान परत वर केली. माझ्यावर विश्वास ठेवायची तिला सवयच होती. पहिलीपासून आम्ही एका बाकावर.

त्या दिवसापासून तिने पाणीही मोजून प्यायला सुरुवात केली. एक घोट तोंडात धरायचा, बराच वेळ धरायचा, आणि अर्धा थुंकायचा.

गुरुवारी संध्याकाळी मी दुधाच्या डेअरीवर गेले तर तिथे मालनकाकू होत्या, हर्षीच्या आई. त्यांच्या तीन म्हशी. किटली काट्यावर ठेवत त्या म्हणाल्या, "काय गं वृषाली, तुमच्यात काय करत्यात एवढं चांगलंचुंगलं? आमची बाय रोज सांगती, वृषालीकडं जेवले."

मला हे ठाऊक नव्हतं.

"आई थालीपिठं करते," मी म्हणाले.

"खाती का पोटभर?"

"खाते की काकू."

"मग बरं. घरात दुधाला तोंड लावंना झाल्या. मला आपलं वाटलं, काय दुखतं-खुपतं का काय." आणि त्यांनी त्यांच्या किटलीतलं एक मापभर दूध माझ्या बरणीत ओतलं. "असू दे. माझ्या लेकराला रोज जेवू घालता तुमी."

ते दूध मी घरी नेलं. आईने विचारलं, जास्त कसं? मी म्हणाले, डेअरीवाल्याच्या मापाचा काहीतरी घोळ झाला असेल.

शुक्रवारी हर्षी साडेचोपन्न भरली. मुलींनी टाळ्या वाजवल्या, सरांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. ती काट्यावरून उतरली आणि भिंतीला टेकून बसली. मी तिच्या शेजारी बसले. तिच्या तोंडाला एक वास येत होता, नखांवरचा रंग पुसायच्या औषधासारखा.

"झालं," मी म्हणाले. "आता खा काहीतरी. माझ्याकडं भाकरी आहे."

"न्हाई. तिथला काटा येगळा असंल. एक किलो हाताशी ठेवलेला बरा."

"शहाणी हाय पोरगी," सर जाता जाता म्हणाले.

"वृषे, एक सांगू? भूक लागायची थांबल्या." ती हळू आवाजात बोलत होती, जणू एखादी चांगली बातमी पहिल्यांदा मला एकटीला सांगत होती. "कालपासनं लागतच न्हाई. लई हलकं वाटतंय. हे बघ." तिने माझा हात धरून स्वतःच्या गळ्याखालच्या हाडावर ठेवला. "हे आधी नव्हतं."

होतं. सगळ्यांना असतं. तिची बोटं गार पडली होती.

शनिवारी तालुक्याच्या मैदानावर मांडवात वजनं चालू होती. तिथला काटा इलेक्ट्रिकचा होता, लाल आकडे सगळ्यांना दिसतील असे उंचावर लावलेले. हर्षी चढली. आकडे पळाले आणि थांबले. एक्कावन्न किलो आठशे.

टेबलापाशी बसलेले चष्मेवाले गृहस्थ हसले. "अगं, तीन किलो हाताशी आहेत की तुझ्या. जेवून यायचं होतंस."

मागे रांगेतल्या मुली हसल्या. सर पुढे आले, आकड्याकडे पाहिलं, हर्षीकडे पाहिलं, आणि शेजारच्या शाळेच्या सरांना म्हणाले, "आयला. काटा मीच दीड किलो पुढं करून आणला हुता दुरुस्तीवाल्याकडनं. म्हटलं पोरी शेवटी सैल सोडत्यात, हाताशी असावं. पण हे दीडचं न्हाई दिसत."

आमच्याकडे हे सगळेच करतात. घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवतात, एसटी चुकू नये म्हणून. लग्नाची वेळ पत्रिकेत अर्धा तास आधीची छापतात. सरांनी काटा दीड किलो पुढे करून आणला, कोणाला न सांगता. हर्षीने स्वतःचा एक किलो मनात धरला. आणि मी, वजनांचं काम मिळालं त्या पहिल्या दिवसापासून, काट्यावर दिसेल त्यात एक किलो मिळवूनच सगळ्यांना सांगत होते. मला कोणी तसं सांगितलं नव्हतं. वाटलं होतं, हाताशी असावा.

मी तिथेच उभ्या उभ्या हिशेब केला. सोमवारी, ज्या दिवशी मी तिला सत्तावन्न सांगितलं, त्या दिवशी ती साडेचोपन्न होती.

सरांनी प्रत्येकीला दोन-दोन केळी दिली. हर्षीने एक हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं.

"केळ्याचं शंभराला एकशे सोळा ना गं?"

"हो. पण आता खा. आता काही नाही, वजन झालं."

"साल काढून किती भरंल?"

तिने दोन्ही केळी शबानाला दिली.

पहिल्याच चढाईत तिने दोन गुण आणले. खरोखर हलकी झाली होती, पाय जमिनीला टेकतात की नाही कळू नये अशी. लोक बसल्या जागेवरून उठले. दुसऱ्या चढाईत एक. तिसऱ्या वेळी ती आत गेली तेव्हा तिचा 'कबड्डी, कबड्डी' आम्हाला बाहेर ऐकू येत होता. मग तो बारीक झाला. मग समोरच्या मैदानाच्या अगदी मध्ये ती खाली बसली. पडली नाही, बसली, तांदूळ निवडायला बसावं तशी. समोरच्या मुलींनी तिला धरलंसुद्धा नाही. त्या पंचांकडे बघायला लागल्या. हर्षीचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता.

तिला उचलून नेलं. सर माझ्याकडे वळले. "वृषाली, उतर."

मी उतरले. दोन पकडी केल्या, दुसरी तर एकटीने, घोट्याला धरून. त्या दिवशी खेळले तेवढं चांगलं मी आयुष्यात पुन्हा खेळले नाही. लोक ओरडत होते. हे सांगायचं नव्हतं, पण सांगते. मला मजा येत होती.

हर्षीला जाऊन आता सहा वर्षं होतील. तेवीस वर्षांची होती. झोपेत हृदय थांबलं, असं म्हणाले. मधल्या वर्षांत तिला कुठे कुठे दाखवलं, देवापासून मानसोपचारापर्यंत, ते वेगळंच. शेवटी तिचं वजन किती होतं ते मालनकाकूंनी मला सांगितलं. तो आकडा मी कोणालाही सांगितलेला नाही, नवऱ्यालाही नाही.

माझी मुलगी पुढच्या वर्षी जन्मली. ती आता पाच वर्षांची आहे. आमच्या घरात वजनकाटा नाही. डॉक्टरांकडे तिला काट्यावर उभं करतात तेव्हा मी आकड्याकडे बघत नाही, तिच्या चेहऱ्याकडे बघते. ती जेवताना तिच्याकडे टक लावून बघायचं नाही, असं मी ठरवलेलं आहे, आणि दर घासाला बघते. गेल्या महिन्यात तिच्या शाळेत तक्ता लावला, चांगले पदार्थ हिरव्यात, वाईट पदार्थ लालमध्ये. घरी येऊन तिने डब्यातला शिरा एका बाजूला सारला आणि म्हणाली, "आई, हे लाल आहे." मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. बाई समजूतदारपणे हसल्या. "अहो मॅडम, लहानपणीच माहिती मिळाली तर चांगलंच ना?"

मी हो म्हणून परत आले. माहिती मिळून काय होतं, हे त्यांना नुसतं मैदानावरचं सांगून भागलं नसतं. त्यांना त्या दुपारचं सांगावं लागलं असतं.

मैदानाजवळच एका डॉक्टरांचा दवाखाना होता. सामना संपल्यावर मी तिकडे धावत गेले, अंगावर तशीच मातीने भरलेली जर्सी. सर हर्षीच्या घरी निरोप द्यायला फोन शोधत बाहेर गेले होते. आतल्या खोलीत एकच खाट होती. खिडकीच्या गजाला सलाईनची बाटली टांगलेली. हर्षी जागी होती.

"जिंकलो?" तिने विचारलं.

"जिंकलो."

"तू खेळलीस?"

"दोन पकडी केल्या."

"भारी," ती म्हणाली, आणि तिला खरंच आनंद झाला होता. तिच्या चेहऱ्यावर मी कुठे काही टोचलेलं दिसतं का ते शोधलं. नव्हतं. मग माझ्याने राहवलं नाही.

"हर्षे, काटा खोटा होता."

"कुठला?"

"आपला, शाळेतला. सरांनी दीड किलो पुढं करून आणला होता. आणि वरचा एक किलो मी सांगत होते. सगळ्यांनाच सांगत होते, पहिल्यापासनं, हाताशी असावा म्हणून." मी जर्सीवरची माती नखाने खरवडत होते. "बुधवारी बाकीच्यांचा तो किलो मी काढून टाकला. त्यांना खरं काय दिसतं ते सांगितलं. म्हणून त्या सगळ्या उतरल्या. तुझा नाही काढला."

ती माझ्याकडे बघत राहिली.

"त्या दिवशी काट्यावर पंचावन्न होतं. मी छप्पन्न म्हणाले. सर म्हणाले होते ना, नाही जमलं तर वृषाली उतरेल." एवढं बोलल्यावर पुढचं सोपं झालं. "सोमवारी तू खरी साडेचोपन्न होतीस. तुला काही सोडायची गरजच नव्हती. एक घाससुद्धा."

आता ती शिव्या देईल, असं मला वाटलं. ती तोंडाने फटकळ होती, सगळ्या गावाला माहीत होतं. सलाईन नसलेल्या हाताने एक ठेवून देईल, असंही वाटलं. मला ते हवं होतं. ती छताकडे बघायला लागली आणि तिचे ओठ हलायला लागले. मला वाटलं रडतेय. नीट बघितल्यावर कळलं, ती मोजत होती.

"म्हंजे मी सत्तावन्नवरनं एक्कावन्नवर न्हाई आले?"

"नाही."

"साडेचोपन्नवरनं."

"हो."

"म्हंजे पाच न्हाई उतरले. पावणेतीनच." तिचा चेहरा पडला. आठवडाभरात मी तिला इतकं हिरमुसलेलं पाहिलं नव्हतं, सत्तावन्न ऐकलं तेव्हाही नाही. मग एकदम तिने मान माझ्याकडे वळवली. "पण इथला काटा खरा न्हवं? इलेक्ट्रिकचा?"

"खरा आहे."

"एक्कावन्न आठशे खरं?"

"खरं."

"मग असू दे," ती म्हणाली. "पन्नासला दोनच ऱ्हायलं."

मी म्हणाले, "पन्नास कशाला? अट पंचावन्नची आहे." तिने ते ऐकल्यासारखं दाखवलं नाही. ती वरच्या बाटलीकडे बघत होती. थेंब, मग थेंब.

"ह्यात काय असतं गं?"

बाटलीवर लिहिलेलं होतं. मी वाचलं. "डेक्स्ट्रोज, पाच टक्के."

"म्हंजे काय?"

"साखर," मी म्हणाले.

"किती?"

मला माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. डॉक्टरांना विचार, असं म्हणता आलं असतं. पण मला कोणी विचारलं की उत्तर यायचं. अर्धा लिटर, पाच टक्के. "पंचवीस ग्रॅम," मी म्हणाले. "शंभरेक होतील, कोष्टकाप्रमाणं."

तेवढ्यात बाहेर मालनकाकूंचा आवाज आला. कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून त्या आल्या होत्या, डोक्यावरचा पदर वाऱ्याने मागे गेलेला, पायात दोन वेगवेगळ्या चपला. मी बाहेर जाऊन त्यांना आत घेऊन आले. त्यांनी मला काही विचारलं नाही. थालीपिठांचं नाव काढलं नाही. सरळ जाऊन खाटेवर बसल्या आणि हर्षीच्या कपाळावर हात ठेवला.

"काय झालं माझ्या बायला."

"काय न्हाई आई. ऊन लागलं."

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. तिथून मला नळी दिसत होती. तिच्यावर एक लहानसं चाक असतं, थेंब कमीजास्त करायचं. हर्षीचा अंगठा त्या चाकावर होता. वरच्या बाटलीत पाणी होतं आणि खाली काही पडत नव्हतं.

काकूंनी वर पाहिलं. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. म्हशींना टोचणाऱ्या डॉक्टरपलीकडे त्यांचा दवाखान्याशी संबंध नव्हता.

"हे चालू हाय न्हवं गं वृषाली?" त्यांनी विचारलं. "तू शिकलेली. तुला कळतंय त्यातलं."

हर्षी माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. मी नुकतंच तिला सगळं खरं सांगून टाकलं होतं, आणि आता तिचं माझ्याकडे एवढं एकच मागणं होतं.

"चालू आहे काकू," मी म्हणाले.